अरबीच्या पेपरचा दिवस

देवराव गेल्याचं मला शाळेतच कळलं. नववीच्या वर्गावर गणित शिकवत होतो. शिपाई दाराशी येऊन उभा राहिला, आत येईना. मग हळूच म्हणाला, "सर, वर्ध्याच्या दवाखान्यातून निरोप आला. देवराव सर नाई राह्यले." मी खडू खाली ठेवला. मुलांना काहीतरी सांगायला वळलो आणि मनात आलं ते एवढंच, की शेजारच्या खोलीत त्याची आठवीची मुलं बसली असतील, त्यांना आता अरबी कोण शिकवणार... इतक्या जुन्या मित्राच्या मरणाची बातमी यावी आणि पहिला विचार वेळापत्रकाचा यावा, याची मला नंतर लाज वाटली. पण देवरावबद्दल लिहिताना लाज हा शब्द टाळता येणार नाही. शेवटची दहाएक वर्षं तो त्या शब्दातच राहत होता.

आम्ही दोघं नाचणगावचे. मी शेतकऱ्याचा मुलगा, तो शेतमजुराचा. पुढे छप्पन साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पण ही गोष्ट त्याच्या आधीची, आम्ही पुलगावच्या शाळेत एका वर्गात होतो तेव्हाची. संस्कृतचे मास्तर त्याला दाराजवळ बसवत आणि वर्षभरात एकदाही उठवून काही विचारत नसत. एक दिवस तो तास सोडून व्हरांड्यात येऊन उभा राहिला. व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारे मौलवी चार-पाच मुलांना अरबी शिकवत. ते म्हणाले, "खड़ा काहे को है? इधर बैठ." देवराव बसला तो कायमचाच. नागपूरला जाऊन त्यानं अरबीत एम.ए. केलं आणि सत्तर सालाच्या आसपास आमच्याच शाळेत, त्या मौलवींच्याच जागेवर शिक्षक म्हणून आला. माझी नोकरी तिथं आधीपासून होती.

अरबीचा मास्तर बौद्ध आहे, हे मुलांच्या घरच्यांना सुरुवातीला पचेना. एक वडील तर आख्खा तास खिडकीबाहेर उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलालाही पाठवलं. पाचवीतल्या पोरांना तो आधी अक्षरं लिहायला लावत नसे. नुसता आवाज काढायला लावे. घशातून निघणारा 'ह' यावा म्हणून प्रत्येकाला तळहात तोंडासमोर धरायला सांगे, थंडीत वाफेनं हात गरम करताना धरतात तसा. मग उजवीकडून डावीकडे फळा भरत जाई. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला कसं दिसतं, मध्ये कसं, शेवटी कसं. हिशेब, वकील, मजकूर हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द कुठून आले, हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. माझ्या वर्गातही त्याचा आवाज ऐकू येई.

नसीम ही त्याची पहिली विद्यार्थिनी, जिला त्यानं अलिफपासून दहावीपर्यंत आणलं. तिचे वडील रहीमभाई गिरणीत कामाला होते. दहावीनंतर पोरीला नागपूरला कॉलेजात पाठवीन, असं त्यांनी देवरावला कबूल केलं होतं. तिच्या दहावीच्या वर्षी परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. अरबीच्या प्रश्नपत्रिकेत छपाई पुसट आली होती, अक्षरांची टिंबं दिसत नव्हती. अरबीत टिंब गेलं की शब्दच बदलतो. 'बैत' म्हणजे घर, 'बिंत' म्हणजे मुलगी, फरक काय तो टिंबांचा. म्हणून केंद्रप्रमुखांनी देवरावला आत बोलावलं. पुसट शब्द मोठ्यानं वाचून दाखवायचे, बाकी काही बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. त्यानं तसं केलं. तो परत जात असताना नसीमनं हळूच विचारलं, "सर, ये बिंत है ना?" तो वाकला. "हो, बिंत," म्हणाला, आणि त्याच दमात त्या ओळीचा अर्थही तिला सांगून गेला.

मागे बाहेरगावचे पर्यवेक्षक उभे होते. त्यांनी विचारलं, "काय सांगितलंत?" देवरावनं खरं सांगितलं. नसीमचा पेपर तिथंच काढून घेतला. पुढे तिचा त्या वर्षीचा सगळा निकाल रद्द झाला.

संध्याकाळी नाचणगावच्या रस्त्यानं परत येताना मी त्याच्यावर चिडलो. "शब्द वाचून दाखवला म्हटलं असतं तर कोणाले समजलं असतं? काऊन सांगतलं तू?"

"पोरं बसून होते ना तिथं, वसंता. त्यांच्यासमोर खोटं कसं बोलू?"

"अन् नसीमचं काय?"

तो सायकल ढकलत पुढे चालू लागला. खरं सांगणं चूक होतं, असं मी आजही म्हणू शकत नाही.

निकालानंतर मी त्याच्याबरोबर रहीमभाईंकडे गेलो. देवराव उंबऱ्याबाहेरच हात जोडून उभा राहिला. रहीमभाई आवाज न चढवता म्हणाले, "सर, तुमने सच बोला, अच्छा किया. लेकिन सच तुम्हारा था और साल मेरी लड़की का गया." त्यांनी नसीमचं नाव शाळेतून काढलं. मग देवरावच त्यांच्या घरी जाऊ लागला. कितीतरी दिवस तो ओट्यावर बसून परत येई. शेवटी नसीमची आई म्हणाली, "आने दो उनको. मैं पास बैठूँगी." आई तांदूळ निवडत बसायची आणि तो नसीमला बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी शिकवायचा. फक्त अरबी नाही, सगळेच विषय. गणिताला मला घेऊन जायचा.

एके दिवशी अशाच तासानंतर तो माझ्याबरोबर परत येत होता. वेशीपाशी सायकल थांबवून म्हणाला, "आज नसीम काय म्हणे, माईत आहे? म्हणे, सर, मले ती ओळ येत होती. मी फक्त टिंब इचारलं होतं."

मग म्हणाला, "मी तिले विद्यार्थी समजलोच नाई, वसंता. गरीब पोर समजलो. मले दाराजवळ बसवणाऱ्या मास्तरात अन् माझ्यात काय फरक राह्यला?"

मी बरंच समजावलं. पण त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

नसीम पुढच्या वर्षी पास झाली, चांगले गुण मिळाले. नागपूर मात्र झालं नाही. तिचं लग्न ठरलं आणि ती हिंगणघाटला गेली. देवराव लग्नाला आला, मागच्या रांगेत बसला, जेवण न करता निघाला. देवराव वारल्यावर भेटायला ती आली होती, दोन मुलांना घेऊन. देवरावच्या बायकोजवळ बसून ती फार रडली. जाताना मला म्हणाली, "मेरी बड़ी को सर का ही 'ह' सिखाया मैंने."

त्या प्रसंगानंतर अरबीच्या पेपरच्या दिवशी देवरावनं शाळेच्या फाटकात कधी पाय ठेवला नाही. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या बाकावर तो तीन तास बसून राही. पेपर सुटला की मुलं रस्ता ओलांडून त्याच्याकडे धावत. एकेकाचं उत्तर ऐकताना त्याची मान खाली असे.

यंदा मार्चमध्ये त्या बाकावर मी जाऊन बसलो. का गेलो, सांगता येत नाही. घंटा झाली. मुलं फाटकाबाहेर आली, सवयीनं रस्त्यापर्यंत आली आणि मला पाहून थबकली. मग एक मुलगी पुढे आली आणि तिनं आतलं अरबी पान उघडून प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांत धरून बघत राहिलो. चाळीस वर्षांचा मित्र, शेजारच्या खोलीतून आयुष्यभर आलेला त्याचा आवाज, आणि मला त्यातलं एक अक्षर ओळखू येत नव्हतं. मग त्या मुलीनं माझ्या हातातून कागद घेऊन तो सुलटा करून दिला.