काकूने न सोडलेली गोधडी

शेजारच्या गॅलरीत आज गोधडी उन्हात टाकलेली. तापलेल्या जुन्या सुताचा वास आला आणि मी टिटवाळ्याला पोचले, फौजी काकाला बंदुकांच्या सलामीत अग्नी देऊन आम्ही घरी परतलो त्या दुपारी.

रीतीप्रमाणे आत्या त्याचं अंथरूण घराबाहेर टाकून द्यायला निघाली. त्यात काकूने जुन्या वर्दीचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी होती. इतके बारीक टाके, मी बघतच राहिले.

काकूने गोधडी धरली. "वन्सं, सुट्टीत हे हिच्यातच झोपायचे. ही नाही टाकायची."

आत्या माझ्याकडे वळली. "तू घरातली पहिली ग्रॅज्युएट. तूच समजाव बाई हिला."

"राहू दे की, आत्या."

आत्याने ऐकलं. तेव्हा वाटलं, माझ्या डिग्रीचा मान राहिला. आता कळतं, मी काहीही म्हटलं असतं तरी काकूने गोधडी सोडलीच नसती. सुट्टी संपल्यावर काकालाही तिने असंच धरून ठेवलं असतं तर?