विळ्यापुढचा आकडा

लाखांदूरकडच्या एका आरोग्य केंद्रात मी ड्रेसर होतो. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की दुपारी पेशंट येत नसत. मग कंपाउंडर, तिथली आया आणि मी औषधांच्या खोक्यावर एक खेळ मांडायचो. खेळ कंपाउंडरने रचलेला. तो गोष्ट सांगायचा: किल्ला, भुयार, आत राक्षस. आम्ही दोघं लढवय्ये. प्रत्येकाचा जीव म्हणजे बारा चिंचोके. ते डाव्या मुठीत धरायचे, उजव्या हाताने फासे टाकायचे. वार बसला की मुठीतले द्यायचे.

हत्यारांची यादी माझी. कात्र्या-चिमट्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेली. खांडा, सरळ आणि जड: पाच चिंचोके. तलवार, वाकडी, ओढताना कापते: चार. कट्यार, भोसकायची: तीन. बिचवा दोन. विळा एक.

"इळ्याले एकच कायले, भाऊ?" आया म्हणाली. "तलवारीचा एक तरी पेशंट पायला काय तुमी?"

"बाई, हा राजेलोकांचा खेळ आहे," कंपाउंडर म्हणाला.

"मंग राजाले धान कापाले धाडा."

आणखी एक नियम होता. लढवय्याने एक झोप काढली की गेलेले सगळे चिंचोके परत.

कापणी लागली. रोज बोटं यायची, बहुतेक डाव्या हाताची, धानाची मूठ धरणारी. कापूस, आयोडीन, पट्टी, पुढचा. एका सकाळी रजेवर असलेली आयाच आली, डाव्या हाताला पदर गुंडाळून. करंगळी मुळाशी कापलेली. वाकवायला सांगितली तर वाकेना. बोट ओढणारी आतली दोरी तुटली होती. डॉक्टरांनी भंडाऱ्याला जायची चिठ्ठी दिली, आजच्या आज.

"दोन बांध्या रायल्या ना धानाच्या," ती मला म्हणाली. "कापून जातो."

"उशीर केलात तर बोट वाकणार नाही."

एवढं एकदाच म्हणालो. बाहेर ओळ होती, मी उभा राहून राहून थकलो होतो. पुढच्याची पट्टी सोडायला घेतली.

ती पंधरा दिवसांनी भंडाऱ्याला गेली. आता काही होणार नाही, असं तिथे सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खोकं मांडलं. आयाने चिंचोके मुठीत घेतले. करंगळी ताठ, मुठीबाहेर. राक्षस अजून भुयारातच होता, आणि दोन चिंचोके फरशीवर पडले.

"पाहा साहेब, वार नाई झाला अन् जीव चालला," ती कंपाउंडरकडे बघून हसली.

"सगळेच वाटीत ठेवू," कंपाउंडर म्हणाला.

"नाई. नियम तो नियम, जीव मुठीतच." तिने चिंचोके उजव्या मुठीत घेतले. "भाऊ, माह्ये फासे तुमी टाका."

मी वही काढली. विळ्यापुढचा एक खोडला आणि विचारलं, "किती लिहू?"

"एकच राहू द्या," ती म्हणाली. "पन तो झोपून उठल्यावर वापस देऊ नोका."

तसं लिहिलं, आणि तिच्यासाठी फासे टाकले.