आजीच्या नावातला ळ

मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती लोक गेलेल्या माणसांच्या नावानेही बाप्तिस्मा करतात. त्यांच्या वतीने पाण्यात उतरतात ती बहुधा घरातली तरुण मुलं. माझी आई गेल्यावर मुलीने विचारलं, "आई, आजीसाठी मी उतरू?" मला नाही म्हणवलं नाही.

नवरा मॉर्मन, मी नाही, आणि इतरांना त्यांच्या मंदिरात प्रवेश नसतो. म्हणून ब्रिस्टलहून एवढ्या लांब येऊनही मी मंदिराबाहेर बाकावर बसले आणि आमची सोळा वर्षांची जुळी मुलं बाबांबरोबर आत गेली. नाव घेऊन पाण्यात बुडवायचा मान मुलग्यांचाच, त्यामुळे ते काम तिच्या भावाकडे होतं. मुलगी आजीशी रोज व्हिडिओ कॉलवर मराठीत बोलायची. मुलाला मात्र मराठी शिकवायचं माझ्याच हातून राहून गेलं.

ती ओल्या केसांनीच बाहेर आली. "त्याने आजीचं नाव चुकीचं घेतलं. त्याला ळ येत नाही. मी म्हटलं, मी म्हणते. तर तिथले लोक म्हणाले, मुलींनी नाही म्हणायचं."

माझा त्या विधीवर विश्वास नाही, तरी मला रडू आलं.

"कसं म्हणायचं, आई?" मुलाने खाली मान घालून विचारलं. मी सांगितलं. तीनदा म्हणूनही त्याला जमलं नाही.