रशीदाखाला आणि जादूवाल्या पोरीची सात पुस्तकं

रशीदाखालांनी ती पुस्तकं एकदाही स्वतः वाचली नाहीत, आणि त्यांच्यावर सगळ्यात जास्त टीका त्यांनीच केली.

आज सकाळी खाला गेल्या.

खाला म्हणजे माझ्या मैत्रिणीची, नाझनीनची अम्मी. जालन्यात मस्तगडला घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान. नाझनीन आणि मी बारावीला एका वर्गात.

त्या वर्षी पुण्याच्या मामेभावानं मला सात जपानी कॉमिक्स दिली. इंग्लिशमध्ये. त्याला ‘मांगा’ म्हणतात हेही माहीत नव्हतं.

हारुमी नावाची शाळकरी पोरगी. घंटी वाजवली की तिचे कपडे बदलतात, पंख फुटतात आणि ती राक्षसांना बदडते.

पहिला भाग वाचून आम्ही थक्क झालो.
सुरुवातीलाच राक्षस मेलेला. मग लढाई. आणि अगदी शेवटी तिला घंटी सापडते!

“लेखिका फार पुढची आहे,” मी म्हणाले. “काळच उलटा नेलाय.”
“सिम्बॉलिक आहे गं,” नाझनीन म्हणाली.

खालांनी मशीनवरून मान वर केली. पुस्तक घेतलं, उलटंपालटं केलं, चित्रं बघितली.
“अगं पोरींनो, हे उर्दूसारखं हाये. उजवीकडून वाचा.”

इंग्लिशचं एक अक्षर न येणाऱ्या बाईनं आम्हाला इंग्लिश पुस्तक वाचायला शिकवलं.

मग रोज क्लास सुटला की दुकानात बैठक. आम्ही मराठीत सांगायचो, खाला काजं करत ऐकायच्या आणि मध्येच हाणायच्या.

“एवढी झालर? लढायला जाऊन राह्यली का लग्नाला?”

“अन् हिचे कपडे बदलेपर्यंत तो राक्षस काय करतो?”
“थांबतो, खाला.”
“मंग शरीफ हाये बिचारा.”

पाचव्या भागावर भांडण झालं. खरंखुरं.

हारुमी जादूगारांच्या शहरात निघून जाते. तिची जिवलग मैत्रीण साए चिडून शत्रूला मिळते.

मी म्हणाले, साए गद्दार.
नाझनीन म्हणाली, चूक हारुमीची. जाताना सांगितलं का तिनं?
“जग वाचवायला निघालीय ती!”
“जगासाठी टाइम आहे, आणि मैत्रिणीला सांगायला नाही?”

मी सगळी पुस्तकं उचलली आणि घरी आले. आठ दिवस आम्ही बोललो नाही.

मग खालांचा निरोप आला. ड्रेसचं माप द्यायला ये, पुस्तकंपण आण. गेले तर नाझनीनलाही समोर बसवलेलं.

“वाचा. तुमच्या भांडणात माझी गोष्ट अडकली.”

मी सहावा भाग उघडला. त्यात हारुमी साएला म्हणते, “तुला सांगितलं असतं तर माझा पाय निघाला नसता.”

इथं मी पुस्तक मिटलं.

खालांनी मशीन थांबवलं.
“त्या पोरीचं ऱ्हाऊ दे. तू औरंगाबादला कॉलेजला जाऊन राह्यली ना? तुझी आई बोलली मला. हिला कधी सांगणार होती?”

हॉस्टेल ठरून दोन महिने झाले होते. मी नाझनीनला सांगितलंच नव्हतं.

नाझनीन रडली. मग सहावा भाग मला फेकून मारला. मग मीही रडले.

“झालं? आता सातवा वाचा जल्दी. मला संध्याकाळी कपडे द्यायचेत.”

सातव्या भागात हारुमी आणि साए मिळून राक्षस मारतात आणि हसत शाळेत जातात. आम्हाला एकदम भारी वाटलं.

“शेवट कच्चा हाये,” खाला म्हणाल्या. “हिनं तिची माफी कुठं मागितली? लिहिणारी विसरली.”
आणि माझ्याकडं बघत बसल्या. नुसत्या बघत बसल्या.

“माफ कर, नाझनीन,” मी म्हणाले.

“हां. आता बराबर.”
मशीन परत सुरू झालं.

नाझनीन, मी बसमध्ये आहे. दुपारपर्यंत पोचते.

खाला, अलविदा. तुमच्या पोरीचा शेवटचा सलाम.