दोरीची फुगडी

आमच्या वन्संना सरकारने वेळीच विचारलं असतं, तर साथीच्या काळातले सगळे नियम एका कागदावर मावले असते आणि त्यातला पहिला नियम फुगडीचा असता. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. एकट्या राहतात, पण आवाज असा की ते कुणाच्या लक्षात येत नाही. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग बांधण्याच्या लाइनवर त्यांनी उभं आयुष्य काढलं. शेवटची काही वर्षं मालाच्या तपासणीला होत्या. नोकरी संपली, तपासणी काही सुटली नाही. माझ्याकडे आल्या की चपात्यांची चळत उचलून कडा बघतात, एखादी बाजूला काढून "ही रिजेक्ट" म्हणतात आणि मग तीच खातात.

फुगडीवर त्यांचा जीव. कंपनीत खंडेनवमीला मशिनची पूजा झाली, की ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या बायका लाइनच्या मोकळ्या जागेत फुगडी धरायच्या आणि वन्संची जोडीदारीण सगळ्यात आधी "सोडा, सोडा" करायची. बारसं असो, साखरपुडा असो, वन्सं पदर खोचून कुणाचा तरी हात मागणारच. एका साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाच्या आत्याला, ताट हातात असताना, ताट माझ्याकडे देऊन फिरवून आणलं होतं. त्यांचं म्हणणं, फुगडीत माणूस कळतो. समोरचीवर भरवसा असेल तरच बाई आपलं वजन मागे टाकते. जी टाकत नाही, तिला उसनी साखरसुद्धा देऊ नये. मी लग्न करून आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाक विचारला, वन्संनी मात्र अंगणात नेऊन गरागरा फिरवलं आणि भावाला सांगितलं, "चालेल. पक्की आहे."

अशा बाईला साथीत सांगण्यात आलं, की आता कुणाचा हात धरायचा नाही. नियम वन्संना मान्य होता. नियम त्यांना नेहमीच मान्य असतात, कंपनीतली सवय. पण "हात धरायचा नाही म्हणजे फुगडी नाही, हे कुठं लिहिलंय?" असं त्यांनी मला जिन्यात, चार पायऱ्या खालून, मास्कमधून विचारलं. मी म्हटलं, "वन्सं, फुगडीला हात लागतात." त्या म्हणाल्या, "बघू."

हे "बघू" एरवी हवेत विरलं असतं. पण त्याच सुमाराला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये शीतल आली. परभणीकडची पोरगी. लग्न घरच्या घरी मोजक्या माणसांत उरकलेलं, आणि आल्या आल्या सगळं बंद. नवरा चाकणला कंपनीत. कंपनी सुरू झाल्यावर तो शिफ्टला जायचा आणि ही दिवसभर गॅलरीत उभी. ओळख नाही, कुणाकडे जायची सोय नाही. मी काही विचारलं की "हो काकू" किंवा "नाही काकू". एकदा दुधाच्या रांगेत तिचा नवरा मला म्हणाला, "काकू, ती म्हणते, गाड्या सुरू झाल्या की मला परभणीला सोडून या. परत आणायला येऊ नका." आणि पिशवी घेऊन गेला. मी ते वन्संना सांगितलं. त्यांनी खालून गॅलरीकडे तोंड करून विचारलं, "काय गं, पहिली मंगळागौर ना तुझी? कुठं करणार?"

"आईकडं जायचं होतं आत्या. आता कुठली मंगळागौर," शीतल म्हणाली आणि आत गेली. आमच्या इमारतीत वन्संना सगळेच आत्या म्हणतात.

त्या दिवसापासून वन्संनी ओव्हरटाइम सुरू केला. पार्किंगमधल्या गाड्या एका बाजूला लावायला लावून त्यांनी जमिनीवर पिवळ्या रंगाचे चौकोन आखले, कंपनीत माल वाहणाऱ्या गाड्यांचा रस्ता आखतात तसे. एका चौकोनात एक बाई. सेक्रेटरी धावत आले.

"आत्या, जमावाला परवानगी नाही."

"जमाव कुठाय? एक बाई इथं, एक तिकडं. दोघींच्या मध्ये तुम्ही झोपलात तरी कुणाला लागणार नाही."

"आणि हा रंग?"

"उद्यापासून तुमची गाडी नीट चौकोनात लागेल. थॅंक्यू म्हणायचं सोडून."

सेक्रेटरी थॅंक्यू म्हणाले नाहीत, पण "मोजक्याच बायका आणि दिवसाउजेडी" एवढ्यावर तयार झाले. रात्रभर जागवायची मंगळागौर दुपारच्या चहाच्या आत संपवायची ठरली.

मग एकेका खेळाची दुरुस्ती. झिम्म्यात समोरचीच्या तळहातावर टाळी द्यायची असते. त्यासाठी उंच दांडीवर कपडे वाळत घालायच्या काठ्या आल्या आणि त्यांच्या टोकांना जुने मोजे भरून बांधले गेले. काठीला काठी लागली की झाली टाळी. आवाज मात्र गादी झटकल्यासारखा येई. फुगडीसाठी वन्संनी जुन्या सुती साड्या फाडून दोन लांब पेडाच्या दोऱ्या वळल्या आणि टोकांना वायरिंगवरची काळी टेप गुंडाळून मुठी केल्या. उरला फुगडीतला "फू". फिरता फिरता तोंडाने फू करायचा, तर तेच नेमकं सगळ्यांत धोक्याचं. यावर वन्संनी दोन दिवस विचार केला आणि आमच्या ह्यांना सायकलचा पंप घेऊन खुर्चीवर बसवलं. दोघी फिरायला लागल्या की ह्यांनी ठेक्यात पंप मारायचा. बँकेत अधिकारी असलेला माणूस, "ताई, हे मी करणार नाही" म्हणाला आणि संध्याकाळी पंपाला तेल घालताना दिसला.

पहिली ट्रायल माझ्याबरोबर. दोऱ्या तिरक्या धरल्या, आम्ही दोघींनी वजन मागे टाकलं, ह्यांचा पंप फुसफुसू लागला आणि खरोखर फुगडी फिरली. दोरी लांब म्हणून रिंगण मोठं, त्यामुळे जागच्या जागी गिरकी न घेता धावावं लागत होतं, पण फिरली. तेवढ्यात वन्संचा मास्क नाकाखाली घसरला. दुसऱ्या कुणी तो तसाच ठेवला असता. वन्संनी नियमाप्रमाणे तो वर करायला एक हात सोडला. मी तीन स्कूटर आडव्या करून भिंतीपाशी थांबले. ह्यांनी पंप थांबवला नाही. वन्संनी मास्क नीट केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डिझाइनमध्ये चूक आहे. तू ठीक आहेस." दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मास्क परकराच्या नाडीने डोक्यामागे आवळून बांधायचं ठरलं.

मंगळवारी दुपारी पूजा शीतलच्या घरात, तिची ती, आईला फोनवर समोर ठेवून. मग आम्ही पाच-सहा जणी खाली आपापल्या चौकोनात उभ्या राहिलो. शीतलला बोलावलं, तर ती गॅलरीतच. म्हणाली, "तुम्ही खेळा आत्या. मी इथूनच बघायले."

वन्संनी दोऱ्यांची एक बाजू हातात धरली आणि दुसरी समोरच्या रिकाम्या चौकोनात नेऊन ठेवली. मी पुढे झाले तर मला डोळ्यांनी थांबवलं. मग वर बघून नेहमीच्या आवाजात, म्हणजे पार पलीकडच्या पिंपळे गुरवपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला घाई नाही. इथंच उभी आहे."

आणि उभ्या राहिल्या. बायका कंटाळल्या, कुणी मोज्याच्या काठीने पाठ खाजवून घेतली. ह्यांनी उगाच एकदा पंप मारून बघितला. वन्सं हलल्या नाहीत. मला वाटलं, ही मुलगी काही येत नाही आणि ही बाई काही हटत नाही. आज संध्याकाळचा चहा इथेच होणार.

शेवटी जिन्यात जोडव्यांचा आवाज झाला. शीतल आली, दोऱ्या उचलून बघितल्या आणि मास्कमधून म्हणाली, "आत्या, अशी ढिली धरली तर पडताल तुम्ही. आमच्याकडं घट्ट धरतेत." तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिने मुठी आवळल्या आणि एकदम सगळं वजन मागे टाकलं. वन्सं पुढे ओढल्या गेल्या, सावरल्या, आणि मग जी फुगडी फिरली तिच्यापुढे ह्यांचा पंप कमी पडला. शीतलने येताना खाली आणून स्कूटरच्या आरशाला टेकवलेल्या फोनमध्ये परभणीची आई नुसती "अगं हळू, अगं हळू" करत होती. आयुष्यात पहिल्यांदाच "सोड" हा शब्द वन्संच्या तोंडून आला. शीतल हसून हसून चौकोनात बसली, आणि थोड्या वेळाने त्या हसण्याचं रडणं झालं. जवळ जायची सोय नव्हती. वन्सं आपल्या चौकोनात बसल्या आणि दोरी हलकेच ओढत राहिल्या, पाळण्याची ओढतात तशी. शीतलने तिचं टोक सोडलं नाही.

गाड्या सुरू झाल्या आणि शीतल परभणीला गेली. वन्संनी दोऱ्या धुऊन गॅलरीत वाळत घातल्या. त्या वाळल्या, परत पावसाने भिजल्या, परत वाळल्या. मी म्हटलं, "वन्सं, काढा आता." म्हणाल्या, "असू दे, ओल आहे अजून." महिन्याभराने रिक्षातून पिशव्या उतरवणारी शीतल दिसली, तेव्हा कुठे त्या दोऱ्यांची ओल गेली.

आता हात धरायला कुणाची बंदी नाही. पार्किंगमधले पिवळे चौकोन पुसट झालेत आणि सेक्रेटरींची गाडी खरंच त्यातल्या एकात लागते. शीतलला मुलगी झाली, ती पंपाने ह्यांच्या पोटावर हवा मारते. पण वन्संचे गुडघे गेले. डॉक्टरांनी फुगडीचं नाव काढू नका म्हणून सांगितलं आणि वन्संना, सांगितलं ना, नियम मान्य असतात. गेल्या श्रावणात त्या नुसत्या भिंतीशी बसून इतरांच्या फुगड्या तपासत होत्या. एकही रिजेक्ट केली नाही, तेव्हाच मला काळजी वाटली.

या श्रावणात शीतल माझ्याकडे आली आणि माझ्या मुलाने घरून काम करायला घेतलेली, आता नुसते कपडे ठेवायच्या कामाची फिरती खुर्ची मागून घेऊन गेली. वन्संना तिच्यावर बसवलं, दोऱ्या त्यांच्या हातात दिल्या आणि दुसऱ्या बाजूने आपलं वजन मागे टाकून त्यांच्याभोवती रिंगण धरलं. खुर्ची फिरली. वन्संचे पाय अधांतरी, जमिनीला टेकवायचं विसरलेले. ह्यांना पंप आणायला वेळच मिळाला नाही, पण गरजही नव्हती. वन्संचा फू आता मोकळा होता, फक्त बारीक झाला होता.

थांबल्यावर शीतल जवळ आली आणि हात पुढे केला. वन्संनी परत दोरीच तिच्या हातात दिली.

"हात नको गं. हात धरलास तर मी फुगडीला उठेन."