आजोबांची बाजू

घोटावड्याजवळच्या शाळेत मी सहावीला मराठी शिकवत होते. एका शनिवारी मी स्वतः लिहिलेली विनोदी गोष्ट वर्गात वाचली. ती एका शाळकरी मुलाच्या तोंडून होती. तो सांगतो, "गुरुजींचा मी इतका लाडका, की ते मला रोज फळ्याशेजारी उभं करतात. अवघड प्रश्न मलाच विचारतात आणि माझं उत्तर ऐकून कौतुकानं कपाळाला हात लावतात."

लिहिताना मी एकटीच हसले होते. वर्गात मात्र कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"कसा आहे हा मुलगा?" मी विचारलं.

"हुशार हाय, बाई!" सगळे एका सुरात म्हणाले.

माझा चेहरा पडला. आता समजावून सांगायचं, तर त्यातली गंमतच जाणार होती. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी बसूनच म्हणाली, "बाई, त्याला शिक्षा केलीया. पर त्याला ते कळंनाच!"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता सगळा वर्ग खिदळायला लागला. "म्हंजे कपाळाला हात कौतुकानं न्हाई!" "गुरुजी वैतागल्यात!" मला इतका आनंद झाला, की हातातला खडू मोडला.

"तुला कसं कळलं गं?" मी तिला विचारलं.

"आमच्या घरी असंच असतंय. आजोबा म्हंत्यात, भाडेकरू लई पानी सांडत्यात. भाडेकरू म्हंत्यात, नळाला पानीच न्हाई. दोघंबी खरंच बोलत्यात, आपापल्या जागंवरनं."

तिच्या आजोबांनी शेताच्या कडेला खोल्या बांधून उरवड्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या कुटुंबांना भाड्यानं दिल्या होत्या. मी तिथंच ठरवलं. "सोमवारी प्रत्येकानं एक गोष्ट लिहून आणायची. पण बोलणारा माणूस तुम्ही नसाल. आणि त्याला जे कळत नाही, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

सोमवारी वह्या तपासताना माझा डबा तसाच राहिला. एकानं बैलाच्या तोंडून लिहिलं होतं, एकीनं एसटीच्या कंडक्टरच्या. त्या मुलीनं लिहिलं होतं भाडेकरणीच्या तोंडून: "आमचे मालक फार प्रेमळ आहेत. आमची झोपमोड होऊ नये म्हणून ते आम्ही उठायच्या आधीच पाणी बंद करतात. आम्हाला एकटं वाटू नये म्हणून दिवसातून चारदा दारात येऊन ओरडतात."

मी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. एक सर तर हसता हसता खुर्चीवरून उठले.

मंगळवारी मधल्या सुट्टीत आजोबा स्वतःच वही घेऊन शाळेत आले. नात मागं उभी. मी घाईनं उठून उभी राहिले.

"ही गोष्ट तुमी लिवायला लावली व्हय?"

"हो. पण तिचा तसा काही हेतू..."

"बाई, मला वाचता येतं." त्यांनी वही टेबलावर ठेवली. "प्रेमळ लिवलंय आन् मारलंय जोड्यानं!"

मी वही जवळ ओढली. आणि एकाएकी त्यांच्या मिशा हलल्या. "पर लिवलंय झकास. काल समद्या घरानं ऐकलं. भाडेकरीन तर डोळं पुसूस्तवर हसली. सकाळी नळ उशिरापातूर चालू ठिवला मी. पर आता माझ्या बाजूनं बी लिवायला सांगा हिला. माझं म्हननं कोन ऐकनार?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तसं काही न करता मी त्यांना बाकावर बसवलं आणि नातीला म्हटलं, "घे पेन. आजोबा सांगतील ते शब्दनशब्द लिही."

दारात निम्मा वर्ग गोळा झाला. आजोबांनी घसा खाकरला. "लिव. मी लई शांत मानूस हाय." नात लिहायला लागली. "कुनावर आवाज चढवत न्हाई." तेवढ्यात एक मुलगा पुढं घुसला. "ए, मागं व्हय!" आजोबा असे गरजले, की व्हरांड्यातली पोरं दोन पावलं मागं सरली. मग पुन्हा नातीकडं वळून शांतपणे म्हणाले, "कुटवर आलो आपन?"

"कुनावर आवाज चढवत न्हाई," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता, ओठ दाताखाली धरून, पुढची ओळ लिहायला लागली.