चालत आलेली चाल

भर रस्त्यात वरात थांबवायचा हक्क रुसलेल्या जावयाला असतो किंवा वाहतूक पोलिसाला. उदगीरच्या बेंजोमामांनी तो परस्पर स्वतःकडे घेतला होता. नाचणारी पोरं "वाढवा मामा, वाढवा!" म्हणून लय पळवायला लागली की मामा बटणांवरून बोटं उचलत. पाठोपाठ ढोल बंद, ताशा बंद. मग कर्ण्यातून मामांचा आवाज येई, "नवरदेव घोड्यावर हाय का फटफटीवर? पळून कामून राहिलाव?" मांडवात लग्न लावणारे जंगमस्वामी घड्याळ दाखवून दमत, पण घोडा सावकाश चालू लागेपर्यंत मामा पुढचा सूर काढत नसत.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात. बेंजो म्हणजे आपल्या लग्नांतला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. मामा बटण दाबून तार अशी काही ओढत, की सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधेच अडकून राही. फाटक्या कर्ण्यातून तो ऐकताना मी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठलो. हाच सूर आम्ही चौघं नांदेडला वर्षभर मोबाइलवर बघून शोधत होतो.

आमचा रॉक बँड होता. मी बेस गिटार वाजवायचो. बँडचं नाव सांगत नाही, आधीच ते नको तितकं छापून आलंय. पहिला अल्बम करायचा, तोही अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूजच्या, दुःख आळवणाऱ्या वळणाचा, असा आमचा हट्ट. नव्या मोंढ्याजवळच्या मोटारपंपाच्या दुकानामागे, माडीवरच्या एका खोलीत आम्ही तालीम करायचो. पायाशी गोदावरी असताना कधी न पाहिलेल्या नद्यांच्या नावानं इंग्रजीत गळा काढायचो. मामांना आग्रह करून एकदा नांदेडला आणलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाजवता चांगलं. पर तुमचं गेलंय कोन?"

त्यानंतर आठ महिने ते येत राहिले. लग्नसराई नसली की भल्या पहाटे निघायचे, डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आल्या आल्या वाद्याला हात लावू देत नसत. आधी दुकानामागच्या मोकळ्या जागेत आम्हाला चालायला लावत. आपल्याकडे चाल गाण्याचीही असते आणि पायांचीही, पण मामांच्या लेखी त्या दोन नव्हत्याच. आमच्या ड्रमरला ते म्हणायचे, "ह्या पायानं ढोल, त्या पायानं ताशा. आन मधी जरा लंगडायचं." वर्षभर घोटून जो ठेका त्याला सापडला नव्हता, तो त्या लंगडण्यानं चार दिवसांत बसला.

अल्बममधलं जे गाणं तुम्ही ऐकलं असेल, त्याची चाल मामांची. त्यांची मुलगी बिलोलीला दिली. तिच्या लग्नात दुसऱ्या कुणाची बेंजो-पार्टी त्यांनी येऊ दिली नाही, स्वतःच वाजवलं. एकदा डबा खाता खाता मला म्हणाले, "मांडवापासून जीपपोतर पन्नास पावलं. डोळे पुसायला हात मोकळा न्हवता, म्हणून तार वढीत ऱ्हायलो. जीप हालंपोतर चाल तयार." एवढं बोलून त्यांनी मला चटणी वाढली.

गाणी तयार झाल्यावर मुंबईहून कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. कोणतं गाणं कुणाचं, हे लिहून घ्यायचं होतं. या गाण्यापाशी येऊन त्यानं विचारलं, "चाल कोणाची?" मामांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि म्हणाले, "आपली कसली, साहेब? चालत आलेली हाय." त्या माणसानं मान डोलावली आणि लिहिलं: पारंपरिक.

आम्ही चौघं तिथेच बसलो होतो. पन्नास पावलांची गोष्ट मला माहीत होती आणि मी गप्प बसलो. का, तेही सांगून टाकतो. मी तोंड उघडलं असतं तर त्या माणसानं मामांच्या देखत आम्हाला त्यांचं पूर्ण नाव विचारलं असतं, आणि ते आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. आठ महिने त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली आणि नाव विचारलं नाही! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. परंपरा म्हणे! परंपरा काय पहाटेची गाडी पकडून डबा घेऊन येते? परंपरेला जिना चढताना दम लागतो? आपल्याला ठाऊक नसलेल्या माणसाला परंपरा म्हणायची ही कुठली रीत? त्या कंपनीवाल्यावर माझा राग आहेच. पण तो परका होता. आम्ही कोण होतो?

अल्बम चालला. मराठवाड्यातली हरवलेली लोकधून आम्ही शोधून काढली, असं छापून आलं. हरवली कधी होती? उदगीरला दर लग्नात वाजत होती! त्यातून कंपनीनं ती चाल थोडी पळवलीही होती, आणि त्यालाही आम्ही मान डोलावली. पुढे भोकरच्या एका वरातीत काय झालं, ते मला मामांच्या ताशेवाल्यानं सांगितलं. नवरदेवाच्या मित्रानं आमचं गाणं लावून मोबाइल मामांच्या कानाला धरला आणि म्हणाला, "मामा, चुकून राहिलाव. ओरिजनल असं न्हाई." मामांनी ऐकलं आणि मोबाइलमधल्यासारखं पळवून वाजवलं. त्या दिवशी त्यांनी वरात थांबवली नाही.

हे ऐकल्यावर मी उदगीर गाठलं. मामा ओट्यावर बसून बेंजोच्या तारा बदलत होते. मी विचारलं, "मामा, तुम्हीच तर म्हणालात चालत आलेली आहे म्हणून?"

"म्हनलो की. तसंच म्हनायचं असतंय. आपल्या तोंडानं माजी म्हनू नये. माज्या वस्तादानं शिकवलंय." मग हातातली तार खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन तुमी म्हनायचं असतंय, न्हाई मामा, तुमचीच हाय. निम्मं मी म्हनलो. निम्मं तुमचं होतं."

मला खाली बघावंसं वाटलं. तरी विचारलं, "राग आला?"

"लई आला. येनार न्हाई का?"

"नाव दुरुस्त करून घेतो. तुमचं पूर्ण नाव सांगा."

"आता कशाला? पारंपरिक लिवलंय की," म्हणाले आणि पुन्हा तार ओढू लागले. मीही, पुढच्या खेपेला विचारू, म्हणून उठलो.

पुढची खेप आली ती तीन महिन्यांनी, एका मित्राच्या लग्नाला. उदगीरच्या चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. नाव वाचून मी पुढे निघूनही गेलो होतो. मग फोटोतला चेहरा ध्यानात आला आणि मागे वळलो. नागनाथ ग्यानोबा वाघमारे. उन्हात उभा राहून ते नाव मी तीनदा वाचलं आणि रस्त्यात उभ्या उभ्या रडलो.

कंपनीला चार पत्रं लिहिली. ‘पारंपरिक’ असं लिहिलेलंच लोकांना आवडतंय, असं उत्तर आलं. आवडू द्या. आता आमच्या प्रत्येक कार्यक्रमात हे गाणं आलं की समोरची पोरं ओरडतात, "वाढवा!" मी तारांवरून हात उचलतो, पाठोपाठ ड्रम बंद होतात. माइक तोंडाशी धरून मी मामांचं पूर्ण नाव घेतो आणि माझ्या वाट्याचं निम्मं म्हणून टाकतो. न्हाई मामा, तुमचीच हाय.